बरी चाललेली नोकरी सोडून मातीतलं काम धरावं का?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी विम्याचे दावे तपासते. शिक्षण संपल्यावर लगेच या कामाला लागले आणि त्यातच वर चढत आले. आता हाताखाली माणसं आहेत, पगार वेळेवर होतो, नावं ठेवावीत असं वरवर काही नाही. पण आठवड्याचे तास पंचावन्नच्या खाली क्वचितच येतात. दिवस स्क्रीनसमोर जातो, आणि रात्री जेवतानाही फोन पालथा ठेवावा लागतो, नाहीतर लक्ष तिकडेच. रक्तदाब वरच्या कडेला आलाय, झोप तुटक झालीय, मान-पाठ तर कायमचीच.

तब्येतीपेक्षा जास्त टोचतं ते वेगळंच. एक फाइल बंद केली की दुसरी उघडते. ज्याचा दावा मंजूर झाला तो माणूस मला दिसत नाही, ज्याचा नाकारला तोही दिसत नाही. आज दिवसभरात काय केलं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी झाडांमध्ये असते. कलमं करायची, रोपं वाढवायची, ओळखीच्यांना द्यायची. त्यात मन रमतं आणि त्या रात्री झोपही गाढ लागते. म्हणून छोटी रोपवाटिका काढावी असं गंभीरपणे मनात आहे. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, शाळेत जाणारं मूल आहे, नवऱ्याची नोकरी आहे.

चाळिशीच्या आसपास ज्यांनी असा रस्ता बदलला त्यांना पुढे खरंच बरं वाटलं का? आणि बदलण्याआधी स्वतःला काय विचारायला हवं?

कोवळंऊन
ताई, सोडून टाका! ज्या कामानं रात्री झोप लागते तेच आपलं काम. मी तर अजून पहिल्याच नोकरीत आहे आणि मलाही हेच प्रश्न पडतात.

अर्धविराम
@कोवळंऊन, उत्साह आवडला, पण सल्ला देताना जरा दमानं.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. तास फार आहेत ही एक, आणि कामात अर्थ वाटत नाही ही दुसरी. रक्तदाब आणि झोप बहुधा पहिलीच्या खात्यात जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ साली जगभरातल्या माहितीचा अंदाज मांडला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त दिसला. पंचावन्न ही तुमचीच संख्या आहे, म्हणून सांगतोय.

आता रोपवाटिका तुम्ही आठवड्याला साठ तास चालवलीत, तर रक्तदाब काय तुमची आवड बघून खाली येणार आहे का? आधी आहे त्याच नोकरीत तास कमी करून बघा. पद एक पायरी खाली गेलं तरी चालेल. तेवढ्यानं झोप परत आली तर निम्मं कोडं सुटेल, आणि उरलेल्या निम्म्याचा विचार ताज्या डोक्यानं करता येईल.

नाडीपरीक्षक
अर्धविराम यांच्याशी सहमत, आणि त्याच्याही आधीचं एक पाऊल सुचवतो. पेशानं डॉक्टर आहे.

राजीनाम्याचा कागद हातात घेण्याआधी तपासण्या करून घ्या. रक्तदाब घरी सलग काही दिवस ठरावीक वेळी मोजून लिहून ठेवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ बघा. घोरत असाल आणि सकाळी उठल्यावरही डोकं जड राहत असेल, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. आणि कशातच रस न वाटणं, विनाकारण रडू येणं, असं काही आठवडे सलग चालू असेल तर मनोविकारतज्ज्ञाला भेटा. माझ्याकडे येणारी काही माणसं "कामाचा कंटाळा आलाय" म्हणतात आणि मूळ थायरॉईडमध्ये सापडतं. गोळी सुरू झाल्यावर त्यांना तीच नोकरी सुसह्य वाटते.

कामाच्या थकव्याबद्दलही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही; कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. तिच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही अशी भावना. ताई, यातलं तुमच्यात काय आहे आणि काय नाही, हे एकदा कागदावर लिहा. सुट्टीच्या दिवशी तुम्हाला झाडांत रस वाटतो ही मला फार चांगली खूण वाटते.

निशिगंध
मी परिचारिका होते, अतिदक्षता विभागात. रात्रपाळ्या आलटून-पालटून. माझी गोष्ट तुमच्या उलट आहे, पहाटवारा.

मला काम मनापासून आवडायचं. व्हेंटिलेटर काढल्यावर रुग्ण पहिला शब्द बोलतो, तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला दुसरीकडे कुठेही मिळालेलं नाही. पण शरीर साथ देईना. दिवसा पडदे लावून झोपायचं, दारावरची बेल काढून ठेवायची, तरी चार तासांच्या वर झोप नाही. पाळी अनियमित, वजन वाढलेलं, चिडचिड घरावर निघायची. दिवस-रात्रीची लय बिघडवणाऱ्या रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ च्या फेरआढाव्यातही ते तिथेच ठेवलं. आमच्या विभागात हे सगळ्यांना माहीत होतं, पण पाळ्या कुणीतरी करायलाच हव्यात.

शेवटी मी नव्या परिचारिकांना शिकवण्याच्या कामावर गेले. दिवसपाळी, ठरलेले तास. तब्येत थोड्याच काळात सुधारली. समाधान मात्र पहिल्या वर्षी कमी झालं, हे मी लपवणार नाही. विभागात जाऊन नुसतं उभं राहावंसं वाटायचं. पुढे माझी एक विद्यार्थिनी पहिल्या पाळीवरून आली आणि "तुम्ही शिकवलंत तसंच केलं, रुग्ण वाचला" म्हणाली, तेव्हापासून जरा जीव रमू लागला.

तब्येत आणि समाधान एकाच बदलात, एकाच वेळी मिळतील असं धरून चालू नका. माझ्याकडे एक आलं आणि दुसरं बऱ्याच उशिरा आलं.

सावली
निशिगंध, डोळ्यांत पाणी आलं वाचून.

सुतारपक्षी
मी कागदावरचं काम सोडून लाकूडकामात आलो. पश्चात्ताप नाही. पण "हातांचं काम म्हणजे आरोग्य" हे इथे कुणी लिहिण्याआधीच सांगतो, ते अर्धंच खरं आहे.

लाकडाची बारीक भुकटी ही निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. मी मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र असल्याशिवाय रंधा चालवत नाही, कानांवर संरक्षक असतात. कमरेचं दुखणं खुर्चीत होतं तसं इथेही आहे, फक्त जागा बदलली. शिवाय दिवसभर वजन उचलणं आणि एकाच स्थितीत वाकून उभं राहणं यानं शरीर दमतं, पण धावण्या-पोहण्यानं हृदयाला जे मिळतं ते त्यातून मिळतंच असं नाही. मी आजही संध्याकाळी वेगळा चालायला जातो. घरच्यांना आधी नवल वाटायचं, की दिवसभर उभा असलेला माणूस परत चालायला कशाला निघतो.

बदललं काय ते सांगतो. खण पूर्ण झाला की तो सरकवून बघता येतो. सांधा बसला की नाही हे बोटाला कळतं, त्यासाठी कुणाची सही लागत नाही. ताईंनी लिहिलेला तो "काय केलं" हा प्रश्न मला आता पडत नाही.

बसस्टॉप
@सुतारपक्षी, लंडनच्या बसचा अभ्यास आठवला. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. म्हणजे कामातल्या हालचालीचा उपयोग होतोच की.

सुतारपक्षी
होतो, नाही म्हणत नाही. पण त्याच मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापं तपासली होती. नोकरीला लागले तेव्हापासूनच चालकांच्या कमरा वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या! मग काम माणसाला घडवतं की माणूस आपल्या शरीराला मानवेल ते काम निवडतो, हा प्रश्न उरतोच. जिने चढणं वेगळं आणि वाकून ओझी वाहणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. @नाडीपरीक्षक, तपासण्यांची वेळ घेतली. तीन खुणांपैकी पहिली पूर्ण आहे, दुसरी थोडी, तिसरी अजिबात नाही. माझ्या हातून काम चोख होतं, म्हणूनच जास्त काम माझ्याकडे येतं.

@निशिगंध, तुमचा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवला.

प्रत्यक्ष रोपवाटिका चालवणारं कुणी आहे का इथे?

कलमवाला
आहे. आधी एका कारखान्यात गुणवत्ता तपासायचो, आता रोपवाटिका आहे आणि पोट तिच्यावरच चालतं. मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

रोपांना सुट्टी कळत नाही. ट्रेमधली कोवळी रोपं कडक उन्हात एक दुपार पाण्याविना राहिली की माना टाकतात, आणि त्यातली बरीच परत उठत नाहीत. तुम्ही आजारी असा, घरात लग्न असो, पाणी द्यायलाच हवं. ठिबक आणि टायमर लावले तरी नोझल तुंबलंय का ते बघायला माणूस लागतो. म्हणून सुरुवातीलाच विश्वासाचा एक जोडीदार किंवा मदतनीस धरा. तो नसेल तर आज पंचावन्न तास आहेत, उद्या मोजणं सोडून द्याल.

दुसरं, आवड कलमात असते आणि धंदा विक्रीत असतो. माझा निम्मा दिवस पिशव्या भरणं, चिठ्ठ्या लावणं, हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन आणि मेलेली रोपं बाजूला काढणं यात जातो. बुरशी आली की अख्खी रांग जाते. हंगामात उसंत नाही आणि हंगाम संपला की गल्ला गप्प. फवारणी करावी लागली तर हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या हे सगळं हवं. तब्येतीसाठी इकडे येणार असाल तर हे आधी शिका.

आता चांगलं. गुलाबाचा डोळा भरणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. खुंटाच्या, म्हणजे खाली मुळं धरलेल्या रोपाच्या, सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल चाकूच्या मागच्या बाजूनं अलगद सोडवायची, हव्या त्या गुलाबाच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे फुटवा येतो ती कळी, वरून आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची, डोळा तेवढा मोकळा ठेवायचा. जास्त वेळ लावला तर तो सुकतो. घाई केली तर साल फाटते. दोन-तीन आठवड्यांनी बघायचं. हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. हिरवा डोळा बघताना दर वेळी आनंद होतो, इतकी वर्षं झाली तरी. आणि नेलेल्या रोपाला फूल आलं हे सांगायला माणसं मुद्दाम परत येतात. दावा मंजूर झालेला माणूस तुम्हाला दिसत नाही म्हणालात ना, इथे तो दिसतो.

माझी झोप सुधारली. काळजी काही गेली नाही. तिचा विषय बदलला.

कोवळंऊन
कलमवाला, यावर वेगळा धागा काढा! डोळा भरण्याचे फोटोही टाका.

मुक्तछंद
एक धोक्याची सूचना. मला फोटो काढायला आवडायचं, म्हणून तोच व्यवसाय केला. आता कॅमेरा फक्त कामासाठी हातात घेतो. स्वतःच्या मुलांचे फोटो बायको फोनवर काढते.

मानसशास्त्रात १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. ताई, सुट्टीतली झाडं तुमचा विसावा आहेत. तो धंद्याला जुंपला तर विसाव्याला दुसरं काय शोधाल?

रानभूल
@मुक्तछंद, तुमचं दुःख पटतं, पण निष्कर्ष पटत नाही. त्या मुलांचा प्रयोग बक्षिसाच्या आमिषाबद्दल आहे, उपजीविकेबद्दल नाही. मी भाषांतर करते, आधी हौसेनं करायचे आणि आता पैशासाठी. गोडी कमी झाली नाही, कारण कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाही हे मी ठरवते. ज्या महिन्यांत हप्त्यापायी मिळेल ते काम घ्यावं लागलं, ते महिने मात्र अगदी कोरडे गेले.

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, माणसाला आतून उभारी मिळायला तीन गोष्टी लागतात: आपला निर्णय आपण घेणं, आपल्याला काही येतंय अशी जाणीव, आणि माणसांशी नातं. तुमच्या व्यवसायात यातलं पहिलंच निघून गेलं असेल का? आपल्याला हवे तसे फोटो शेवटचे कधी काढलेत?

मुक्तछंद
फार जिव्हारी लागणारा प्रश्न विचारलात. विचार करतो आणि लिहितो.

जुनाजाणता
मी निवृत्त आहे. सगळे प्रतिसाद वाचले. रानभूल यांनी निर्णय हाती असण्याचा मुद्दा काढला, त्याला माझ्याकडून पुष्टी देतो.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला, दहा हजारांवर माणसं होती त्यात. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. वरच्या पदावरच्या साहेबांना ताण असतो आणि तेच लवकर जातात असा समज होता. तिथे खालच्या पायरीवरच्यांचीच अवस्था वाईट निघाली.

माझ्या नोकरीच्या काळात आमचे साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी कामाचा क्रम ज्याचा त्यानं लावायची मोकळीक दिली. टेबल तेच, फाइली त्याच, पगारही तोच. माझी पित्ताची गोळी सुटली. बायको अजून त्या साहेबांना दुवा देते.

म्हणून माझं मत असं, की क्षेत्र बदलण्याआधी विभाग बदलून पाहावा.

अर्धविराम
जुनाजाणता काका, +१. एमी झेस्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून लिहिलं होतं. काहींच्या लेखी काम म्हणजे फक्त फरशी पुसणं. काहींनी त्याच कामात स्वतःहून भर घातली होती, रुग्णांशी बोलणं, त्यांच्या नातेवाइकांना वाट दाखवणं, आणि ते स्वतःला उपचारांचा भाग मानत. पगार आणि हुद्दा तोच.

ताई, दावा नाकारलेल्या माणसाला फोन करून कारण समजावून सांगण्याचं काम तुमच्याकडे घेता येईल का? तुम्हाला माणूस दिसत नाही हीच तर तक्रार आहे.

रानभूल
अर्धविराम, हा उपाय ऐकायला चांगला आहे, पण भार पुन्हा माणसावरच येतो. संस्थेनं तास कमी करायचे नाहीत आणि माणसानं त्यातच अर्थ शोधायचा? निशिगंधच्या रात्रपाळीत अर्थ भरपूर होता. तब्येत गेलीच.

निशिगंध
अगदी हेच म्हणायचं होतं.

अर्धविराम
मान्य. अर्थ आणि तास हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मीच वर लिहिलंय, त्यामुळे तास तर कमी व्हायलाच हवेत. दोन्ही एकदम मागा, असं म्हणतो.

गणिती
इतका वेळ पैशांवर कुणीच बोलेना, म्हणून मी बोलतो.

घरखर्च आणि हप्ता धरून महिन्याला किती लागतात ते काढा. जोडीदाराच्या पगारात त्यातलं किती भागतं ते बघा. उरलेली फट किमान वर्षभर भरून निघेल एवढी रक्कम वेगळी हवी, आणि ती रोपवाटिकेचं भांडवल नव्हे. भांडवल आणि घरखर्च एका खात्यात ठेवलेत की पहिल्या वाईट हंगामात दोन्ही जातात. मुलाच्या शिक्षणाच्या आणि निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे दोघांनी मिळून आधीच ठरवा.

आणि एकदम उडी मारू नका. राफी आणि फेंग या दोघांचा २०१४ चा अमेरिकेतल्या माहितीवरचा अभ्यास आहे. नोकरी चालू ठेवून व्यवसाय सुरू करणारे आणि मग पूर्णवेळ त्यात उतरणारे, यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी दिसली. जोखीम टाळणारी माणसं धंद्याला नालायक, असं बोललं जातं. मला तरी ते पटत नाही.

नोकरीसोबत आजारपणाचं विम्याचं संरक्षण जात असेल तर स्वतःचं आधी घ्या. सीमारेषेवरचा रक्तदाब खरा तोच सांगा; तुम्ही त्याच क्षेत्रातल्या, यापुढचं मी काय सांगणार.

सावली
मी बदल करणाऱ्याची बायको आहे. ही बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

नवऱ्यानं नोकरी सोडून संगीत शिकवायला घेतलं. त्याचा चेहरा खुलला, मला आनंदच झाला. पण घरातला एकमेव नियमित पगार माझा झाल्यावर मला माझ्या नोकरीचा कंटाळा येण्याचीही सोय उरली नाही. माझे साहेब काहीही बोलले तरी मी ऐकून घ्यायला लागले. हे मी त्याला बराच काळ बोलले नाही, कारण त्याच्या आनंदावर विरजण पडेल असं वाटायचं. बोलले तेव्हा तो गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं संध्याकाळची आणखी एक तुकडी सुरू केली. आता आमचं ठरलंय, की कधीतरी मलाही असा बदल करता यावा म्हणून दर महिन्याला थोडं बाजूला टाकायचं.

पहाटवारा, नवऱ्याला वाचून दाखवलंत हे फार बरं केलंत. त्याला हेही विचारा, की त्याला त्याची नोकरी आवडते का.

पहाटवारा
सावली, हा प्रश्न मी त्याला खरंच कधी विचारला नव्हता. आज विचारला. खूप वेळ बोलत बसलो.

कोवळंऊन
एक सापडलं! स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञानं एक संकेतस्थळ काढलं होतं. मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर अडकलेल्यांनी तिथे नाणं उडवायचं. वीस हजारांवर नाणी उडवली गेली. ज्यांचं नाणं 'बदला' असं पडलं ते बदलण्याची शक्यता वाढली, आणि मोठ्या निर्णयांत बदल करणारे सहा महिन्यांनी जास्त सुखी आढळले. नोकरी सोडणं हाही त्यात एक प्रश्न होता. म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त घाबरतो.

गणिती
अभ्यास चांगला आहे. पण ज्यांना नाणं उडवावंसं वाटतं ती मुळातच पन्नास-पन्नासवर उभी असलेली माणसं. ताई तिथे उभ्या असतील तर लागू पडेल.

सुतारपक्षी
पुन्हा गणवेशाची मापं!

नाडीपरीक्षक
मूळ प्रश्नाकडे येतो. पहाटवारा, तपासण्या झाल्या का?

पहाटवारा
झाल्या. बी-१२ बरंच कमी निघालं, उपचार सुरू केलेत. थायरॉईड ठीक. रक्तदाब घरी मोजते, सुट्टीच्या दिवशी खरंच कमी असतो, वहीत लिहिलंय.

बाकीचं असं ठरलं. वरिष्ठांशी बोलले. माणसांची जबाबदारी सोडून फक्त तपासणीचं काम घ्यायची तयारी दाखवली, पगार कमी होईल. त्यांना आधी पटेना. नाकारलेल्या दाव्यांचे फोन मी घेईन म्हटल्यावर विचार करतो म्हणालेत. (अर्धविराम, धन्यवाद.) तास चाळीसवर आले तर सकाळचा वेळ मोकळा होतो.

त्या वेळात हंगामभर छोटी सुरुवात करायची. नवरा म्हणाला, हिशेब तो बघेल, त्याला आकड्यांत मजा येते, आणि त्याच्या नोकरीत त्याला तेच करायला मिळत नाही. हे मला माहीतच नव्हतं. विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात जातील, घरखर्चाला हात लावायचा नाही. एक पूर्ण हंगाम पार पडला की पुन्हा बसून ठरवू. मुक्तछंद, तुमचं ऐकून थोडी झाडं फक्त माझी ठेवणार आहे, विकायची नाहीत.

@कलमवाला, एक विनंती होती. तुमच्याकडे हंगामात काही दिवस येऊन काम करू का? पैसे नकोत. पिशव्या भरणं, मेलेली रोपं काढणं, जे तुम्ही लिहिलंत तेच करायचंय.

कलमवाला
या की! आनंदानं या. पण सुट्टीच्या दिवशी दोन तास येऊन जाऊ नका, सलग आठवडा या, आणि तोही ऐन गर्दीचा. पहाटे पाणी सुटतं तेव्हा हजर राहायचं आणि संध्याकाळी गल्ला मोजून मगच निघायचं. एक दिवस गिऱ्हाइकांशी फक्त तुम्हीच बोलायचं. कमरेला पट्टा, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाण्यात चालणारी चप्पल. चाकू माझा वापरा, तो रोज निर्जंतुक करावा लागतो, ते पहिल्या दिवशी शिकवतो. आणि पैसे का नकोत? रोजंदारी घ्यायचीच, म्हणजे या कामाचे हाती किती येतात तेही कळेल.

सावली
आणि नवऱ्यालाही एक दिवस घेऊन जा, हिशेबाची वही बघायला.

कलमवाला
चालेल. वही दाखवीन, गेल्या वर्षीच्या तोट्याच्या पानांसकट.